पहिल्या फ्रेटवरचा एफ

गिटार शिकणाऱ्याचे पहिले काही आठवडे फार सुखाचे जातात. ई मायनर दोन बोटांत वाजतो. जी, सी, डी जमले की दहा-वीस गाणी हाताशी येतात, घरचे कौतुकाने ऐकतात, मित्रांच्या ट्रिपला गिटार सोबत निघते. मग वहीच्या कुठल्याशा पानावर एफ येतो किंवा आवडत्या गाण्यात मध्येच बी मायनर उगवतो, आणि पुष्कळांची गाडी तिथेच अडते. कपाटावर खोळीसकट पडून राहिलेल्या गिटारी मी अनेक घरांत पाहिल्या आहेत. मालकाला विचारलं की उत्तर बहुधा तेच असतं, "एफपर्यंत आलो होतो."

फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचे त्या वेळचे प्रमुख अँडी मूनी यांनी काही वर्षांपूर्वी मुलाखतींतून सांगितलं होतं की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. त्या सगळ्यांना एफनेच गाठलं असं म्हणता येणार नाही. कुणाची परीक्षा आली असेल, कुणाची नोकरी बदलली असेल. पण क्लास चालवणाऱ्या कुठल्याही सरांना विचारा, मुलं नेमकी कधी गळतात ते. बहुतेक जण बार कॉर्डकडेच बोट दाखवतील.

या माणसांची बोटं कमी पडली, हे मला मान्य नाही. त्यांच्याकडून सगळ्यात अवघड कॉर्ड सगळ्यात अवघड जागी आणि बऱ्याचदा नीट न लावलेल्या वाद्यावर वाजवून घेतला गेला. तो वाजला नाही तेव्हा दोष सरावाला दिला गेला. आपल्याकडे "रियाज कमी पडतोय" हे वाक्य फार पटकन तोंडात येतं, आणि ते ऐकणारा मुलगा निमूटपणे मान्यही करतो.

बार कॉर्ड म्हणजे काय, ते आधी पाहू. गिटारचे साधे कॉर्ड मोकळ्या तारांच्या आधाराने उभे असतात. ई मेजर धरला की तीन तारांवर बोटं असतात आणि उरलेल्या तीन तारा मोकळ्या वाजतात. त्या मोकळ्या तारा नटवर टेकलेल्या असतात. नट म्हणजे मानेच्या टोकाला असलेली, खाचा पाडलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. आता हाच ई मेजर एक फ्रेट पुढे सरकवायचा तर नटही एक फ्रेट पुढे यायला हवा. तो येत नाही, म्हणून तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकून तिलाच नट करायचं. उरलेल्या तीन बोटांनी त्यापुढे ई मेजरचा आकार धरायचा, म्हणजे मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका पाचवीवर तिसऱ्याला, करंगळी चौथीवर तिसऱ्याला. झाला एफ. तोच आकार तिसऱ्या फ्रेटवर नेला की जी, पाचव्यावर ए, आठव्यावर सी. एका आकारात बारा मेजर कॉर्ड मिळतात. मधलं बोट उचललं की बारा मायनर.

एवढी मोठी दौलत एका बोटावर अवलंबून आहे. हे बोट आयुष्यभर वाकून काम करत आलेलं असतं. पेन धरणं, बटण लावणं, घास घेणं, सगळीकडे तर्जनी वाकते आणि टोकाने काम करते. सरळ ताठ राहून संपूर्ण लांबीभर सारखा दाब देण्याची वेळ तिच्यावर कधीच आलेली नसते.

कोथरूडमधल्या एका क्लासात मी संध्याकाळच्या बॅचला जाऊन बसत असे. सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत भिंतीला टेकून बसलेली सहा-सात मुलं. नववीतली एक मुलगी एफ धरून एकेक तार छेडत होती. सहावी वाजली, पाचवी, चौथी, तिसरी वाजली. दुसरी तार ठप्प. पहिली खरखरली. तिने दात आवळले, अंगठ्याचं पेर पांढरं पडेपर्यंत दाबलं. दुसरी तार पुन्हा ठप्प.

"अगं, जोर नको लावूस," सर म्हणाले. "अंगठा काढ."

"सर, काढू? मग धरणार कसं?"

"काढ तर खरं. उजव्या हाताचा कोपराजवळचा भाग गिटारच्या अंगावर टेकलेला राहू दे. आता डाव्या हाताने मान स्वतःकडे ओढ, कोपर मागे घे. दाबायचं नाही, ओढायचं."

तिने अंगठा मानेपासून सुटा केला आणि तारा छेडल्या. पहिली तार स्वच्छ वाजली. मुलीने चमकून सरांकडे पाहिलं. दुसरी अजून मुकीच होती. सरांनी तिची तर्जनी हलकेच धरून वरच्या दिशेला, सहाव्या तारेकडे, जेमतेम दोन मिलिमीटर सरकवली आणि अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित कलती केली. दुसरी तार बोलली.

काय घडलं ते बोट जवळून पाहिलं की कळतं. तर्जनीच्या आतल्या बाजूला, पेरांच्या सांध्यांवर, दोन आडव्या घड्या असतात. तिथे मांस दबून खोलगट जागा तयार होते. तार नेमकी घडीत सापडली की कितीही दाबा, तिच्यावर दाब येत नाही. बोट थोडं वर किंवा खाली सरकवलं की तार घडीतून निघून भरीव जागेवर येते. शिवाय अंगठ्याकडच्या कडेला मांस कमी आणि हाड जवळ, म्हणून बोट त्या कडेवर जरासं कललं की तेवढ्याच जोरात जास्त काम होतं. प्रत्येकाच्या बोटाची लांबी आणि घड्यांची जागा वेगळी, त्यामुळे हे दोन मिलिमीटर ज्याचे त्यानेच शोधायचे असतात. पुस्तकातल्या आकृतीत ते सापडत नाहीत.

सरांनी नंतर जे सांगितलं ते प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं. एफ वाजवताना पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर तीन बोटं सांभाळतात. तर्जनीच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा उरतात. सहाही तारा एकसारख्या दाबायच्या असं डोक्यात धरून मुलं मधल्या तारांवर ताकद वाया घालवतात. बी मायनरमध्ये तर काम याहून हलकं आहे. दुसऱ्या फ्रेटवर तर्जनी पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत आडवी दिसते खरी, पण मधल्या तिन्ही तारांवर दुसरी बोटं असल्याने तिला फक्त पाचवी आणि पहिली वाजवायची असते. याउलट एफ मायनरमध्ये मधलं बोट मोकळं होतं आणि तिसरी तारही तर्जनीवर येते. म्हणून एफ मेजर जमलेल्याचाही एफ मायनर सुरुवातीला अडखळतो. मात्र तिथे मोकळं झालेलं मधलं बोट तर्जनीच्या पाठीवर ठेवून मदत घेता येते, आणि ती खुशाल घ्यावी.

दुखण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. बोटांची टोकं हुळहुळतात, तिथली कातडी हळूहळू जाड होते, ते ठीक. पण अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल किंवा मनगटात दुखत असेल तर हात खाली ठेवायचा. मनगट काटकोनात मुडपून, अंगठ्याने चिमटा काढल्यासारखं दाबत राहणं हे दुखापतीला आमंत्रण आहे. थोडा वेळ वाजवून थांबावं, हात झटकावा, पुन्हा धरावं. हात मोडून घेतल्याशिवाय कला येत नाही असं मानणारे शिक्षक अजून आहेत, आणि त्यांच्यामुळे किती मुलांनी वाद्य सोडलं असेल याचा विचार करून मला राग येतो.

आता वाद्याकडे वळतो, कारण माझ्या मते खरी गोम इथे आहे.

गिरगावात एक गिटार दुरुस्त करणारे काका आहेत. लाकडी जिन्याने वर गेलं की एका खोलीत भिंतीभर टांगलेल्या गिटारी, टेबलावर सुईसारख्या बारीक कानशी, भिंगाचा दिवा. एक कॉलेजचा मुलगा नवी कोरी, ऑनलाइन मागवलेली गिटार घेऊन आला होता. एफ लागत नाही, म्हणून ही विकून चांगली घ्यायची, असं त्याचं ठरलं होतं. काकांनी गिटार मांडीवर घेतली, एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातूची पट्टी यांच्यामधली फट पाहिली. नीट लावलेल्या गिटारवर ही फट केसाएवढी दिसते, बोटाने टिचकी मारली तर बारीक टक् असा आवाज येतो. या गिटारवर त्या फटीतून व्हिजिटिंग कार्ड आरामात गेलं असतं.

"बाळा, हे तुझ्या बोटाचं काम नाही," काका म्हणाले. "नटच्या खाचा कापलेल्याच नाहीत नीट. मलापण इथे एफ जड जाईल."

कारण सरळ भौतिकशास्त्राचं आहे. अकूस्टिक गिटारवर नटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत तारेची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर, आणि पहिली फ्रेट नटपासून जेमतेम साडेतीन सेंटिमीटरांवर. ताणलेली तार टोकाच्या इतक्या जवळ खाली दाबायला जास्त जोर लागतो. मध्यावर तीच तार सहज लवते. त्यात नटची खाच उथळ असेल आणि तार पहिल्या फ्रेटपासून दुप्पट उंचीवर असेल, तर जोरही जवळजवळ दुप्पट लागतो, आणि तोही एकाच बोटाने, एकाच वेळी अनेक तारांवर. कारखान्यात स्वस्त गिटारींचे नट मुद्दाम उंच ठेवले जातात, कारण खाच उथळ राहिली तर पुढे कापता येते, खोल गेली तर मोकळी तार फ्रेटला घासून झणझणते आणि नट बदलावा लागतो. ते पुढचं कापणं करून देण्याची जबाबदारी दुकानाची. गिटार खोक्यातून थेट घरी येते तेव्हा ती कुणाचीच राहत नाही.

घरबसल्या करायची एक परीक्षा आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर तोच एफचा आकार धरा. एकदम सोपं गेलं तर बोटं ठणठणीत आहेत, नटचं काम करून घ्यायला हवं. गिटारच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ असतो. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. ती जास्त असेल तर सॅडल घासावी लागते किंवा मानेतल्या ट्रस रॉडला थोडा पीळ द्यावा लागतो. लाकडी मानेत लोखंडी दांडा घालून तिचा बाक सांभाळण्याची ही युक्ती गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांची, तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. आपल्याकडे पावसाळ्याचाही हिशेब धरावा लागतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून-जुलैच्या दमट हवेत लाकूड पाणी ओढतं, गिटारची वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. मे महिन्यात वाजणारा एफ जुलैत रुसला तर आधी खिडकीबाहेर बघावं.

तारांचंही तसंच. बारा नंबरच्या अकूस्टिक तारांचा संच गिटारवर एकूण ७० किलोच्या आसपास ताण देतो. दहाचा संच लावला तर तो दहा-बारा किलोंनी उतरतो. नायलॉनच्या तारांचा ताण सुमारे ४० किलोच, पण त्या गिटारची मान रुंद, म्हणून आडव्या बोटाला तिथे वेगळी कसरत. हलक्या तारा लावणं म्हणजे पळवाट, असं क्लासात कुणी म्हणालं तर टोनी आयोमीची गोष्ट सांगावी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, गिटारला बँजोच्या हलक्या तारा लावल्या, पुढे तारा उतरवूनही वाजवल्या, आणि ब्लॅक सॅबाथ या बँडचा तो जड, गडद आवाज त्याच हातातून आला. त्याला उभारी मिळाली ती जँगो राइनहार्टच्या रेकॉर्डमुळे. जँगो १९२८ साली आपल्या गाडीघराला लागलेल्या आगीत भाजला होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली, आणि तरी तो युरोपातला त्या काळचा सर्वांत नावाजलेला जॅझ गिटारवादक झाला. गायिका जोनी मिचेलचा डावा हात लहानपणीच्या पोलिओने कमजोर झालेला. तिने गिटारच्या तारा निराळ्या स्वरांत जुळवल्या, जेणेकरून अवघड आकार धरावेच लागू नयेत. या तिघांनीही वाजवणं आपल्या हाताला जुळवून घेतलं, आणि त्यांच्या संगीताचं त्यात काही बिघडलं नाही.

मला याहून जवळची एक गोष्ट आठवते. भारतात गिटार घरोघरी माहीत झाली त्यात हवाईयन गिटारचा वाटा मोठा. हवाईचा वादक टाऊ मो १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिला, शिकवू लागला, आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती गिटार आपल्याकडे रुजली. चित्रपटगीतांच्या धुना तिच्यावर वाजू लागल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तिला रागसंगीतात आणलं आणि शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बमने ती घराघरांत पोचवली. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं ते याच परंपरेतून. त्या गिटारवर तर्जनीचं काम पोलादी दांडी करते. सगळ्या तारांवर आडवी, हवी तिथे सरकणारी. मींड आणि गमक हवी असलेल्या आपल्या संगीताला ती दांडी मानवली. स्पॅनिश गिटारचा कॉर्ड मात्र आला तो चित्रपटसंगीताच्या ऑर्केस्ट्रातून. त्यामागे गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून मुंबईला आलेले वादक होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी इथल्या सुरावटींखाली हार्मनी घातली, आणि ऱ्हिदम गिटारवादकाला गायक म्हणेल त्या पट्टीत साथ धरणं भाग पडलं. मोकळ्या तारांच्या चार कॉर्डवर ते काम भागण्यासारखं नव्हतं.

मग शिकवायचं कसं? मला पटलेला क्रम असा. एफ पहिल्या फ्रेटवर शिकवू नये. आकार पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर धरायला लावावा. तिथे तार लवचिक असते, फ्रेट जवळजवळ असतात, कोपर अंगाजवळ येतो. आधी नुसती तर्जनी आडवी टाकून पहिल्या दोन तारा वाजवाव्यात, मग तीन. त्यानंतर छोटा एफ, फक्त पहिल्या चार तारांचा, ज्यात तर्जनी दोनच तारा धरते. तो गाण्यात लगेच वापरावा. पूर्ण आकार पाचव्यावर स्वच्छ झाला की एकेक फ्रेट खाली उतरत पहिल्याकडे यावं. आणि पहिल्या दिवसापासून धरणं-सोडणं करावं. कॉर्ड धरून ठेवणं हे अर्धंच काम आहे. गाण्यात तो सी किंवा ए मायनरनंतर वेळेवर येऊन पडावा लागतो. कोथरूडचे सर मुलांना एफ धरायला लावतात, वाजवतात, हात पूर्ण सैल करून गुडघ्यावर ठेवायला लावतात, पुन्हा धरायला लावतात. प्रत्येक वेळी बोटं एकेक करून न बसवता एकदम पडली पाहिजेत यावर त्यांचा कटाक्ष. सुरुवातीला करंगळी उशिरा पोचते. पोचू दे, ताल मात्र थांबवायचा नाही.

किती दिवसांत जमतं, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. वाद्य नीट लावलेलं असेल आणि रोज थोडा वेळ हात बसत असेल तर काही आठवड्यांत कॉर्ड ऐकू येऊ लागतो. गाण्याच्या वेगात सहज पडायला काही महिने. मधे एखादी तार मुकी राहिली तरी गाणं वाजवत राहावं. स्ट्रमिंगमध्ये पाच तारा बोलल्या आणि एक गप्प राहिली तर ऐकणाऱ्याला ते जाणवतही नाही.

एफ जमल्यावर काय हाती लागतं ते आपल्याकडच्या मैफलीत बसलं की कळतं. गायिका येते आणि सांगते, "आज काळी चार." पेटीवाला स्केल चेंजर पेटीचा पडदा सरकवतो आणि ओळखीच्या पट्ट्यांवर बोटं ठेवतो. बार कॉर्ड येणारा गिटारवादक तेच करतो, त्याचा सरकता पडदा म्हणजे तर्जनी. पांढरी चार म्हणजे पहिल्या फ्रेटवरचा एफ. काळी चार चौथ्यावर, काळी पाच सहाव्यावर, पुरुष गायकांची नेहमीची काळी एक नवव्यावर. ई मेजरच्या आकाराला ए मेजरच्या आकाराची जोड दिली की भावगीताचा बहुतेक संसार तीन फ्रेटांत मावतो. काळी चारमध्ये षड्जाचा कॉर्ड चौथ्या फ्रेटवर ई आकारात, मध्यमाचा तिथेच ए आकारात, पंचमाचा दोन फ्रेट पुढे त्याच ए आकारात. गायिका म्हणाली घसा बसलाय, अर्धा स्वर उतरवूया, तर सगळं जसंच्या तसं एक फ्रेट मागे.

हा ए मेजरचा आकार एफनंतरचं पुढचं प्रकरण. त्यात तर्जनीच्या जोडीला अनामिकाही आडवी पडते, चौथी, तिसरी, दुसरी तार एकटी धरते, आणि तिचं शेवटचं पेर मागे वाकलं तरच पहिली तार वाजू शकते. काहींचं पेर जन्मतःच तसं वाकतं, काहींचं कधीच वाकत नाही. न वाकणाऱ्यांनी पहिली तार सोडून द्यावी आणि मधल्या चार तारांवरच हा कॉर्ड वाजवावा. कामावर असलेले कित्येक वादकही तसाच वाजवतात.